आठ महिने झाले, जीओजीवर गेम का येत नाही?

पत्र:

दादा, मी सोलापूरचा, वय २३. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. दिवसभर वडिलांच्या हाताखाली, रात्री कारखान्याच्या ऑफिसातल्या पीसीवर गेम. मला गेम जीओजी या ऑनलाइन दुकानातूनच घ्यायला आवडतात. इन्स्टॉलर आपल्या हार्ड डिस्कवर राहतो, नेट असो-नसो चालतो, लॉगिन मागत नाही. पण ज्या गेमची मी वाट बघतोय तो स्टीम या मोठ्या ऑनलाइन दुकानात येऊन आठ महिने झाले आणि जीओजीवर त्याचा पत्ताच नाही. पब्लिशरला मेल केला, तर "सध्या सांगण्यासारखं काही नाही" एवढंच उत्तर आलं. मित्र चोरीची प्रत द्यायला तयार आहे, म्हणतो, "काय बे, क्रॅक टाकून देतो, दोन तासांत खेळायला लाग." लहान दुकानाच्या गिऱ्हाईकाला हे लोक मुद्दाम मागे ठेवतात का? थांबू, की स्टीमवर घेऊन टाकू? याच मित्रांसोबत चौघांनी खेळायचा एक गेमही घ्यायचाय, तो कुठून घेऊ? आणि जीओजीवरून घेतलेला एकच गेम ऑफिसच्या पीसीवर आणि घरच्या लॅपटॉपवर दोन्हीकडे चालतो का?

उत्तर:

मित्रा, गेमचं नाव तू कळवलंस, ते मी इथे देत नाही, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या नावांनी माझ्याकडे येत असतो. बाकीच्या वाचकांना त्या गेमची एवढी माहिती पुरे: एकट्याने खेळायचा, कथेचा मोठा गेम, स्टीमच्या पानावर डेनुवो या कॉपी रोखणाऱ्या कुलपाची नोंद, दोन डीएलसी (मूळ गेमला जोडायचे, वेगळे विकले जाणारे भाग) जाहीर झालेली, त्यातलं एकच आलेलं.

मुद्दाम मागे ठेवतात का? हो, ठेवतात. पण त्यात तुच्छता शोधत बसू नकोस. तो निर्णय झाला तेव्हा तुझा विचार कुणाच्या डोक्यातही नसतो. डोक्यात असतात ते पहिले दहा-बारा आठवडे. कथेच्या मोठ्या गेमला पूर्ण किंमत मोजणारं गिऱ्हाईक बहुतेक याच काळात येतं. पुढे सेल लागायला लागतात, किंमत उतरते आणि मग उरतात ती आपल्यासारखी घासाघीस करणारी माणसं. कित्येक वर्षांच्या कामाचा पैसा एवढ्याशा आठवड्यांत वसूल करायचा म्हटल्यावर जाहिरात, कुलूप, किंमत, कुठल्या दुकानात माल कधी लावायचा, हे सगळं त्या आठवड्यांकडे बघूनच ठरतं.

आधी कुलपाचं बघू, कारण तुझ्या गेमला ते लागलेलं आहे. डेनुवो हे मूळचं ऑस्ट्रियातल्या कंपनीचं तंत्र. २०१४ मध्ये फिफा १५ या गेमबरोबर ते बाजारात आलं आणि २०१८ मध्ये इर्डेटो कंपनीने ते विकत घेतलं. गेमची फाईल कुणी कॉपी केली तरी ती चालू नये, एवढंच त्याचं काम. हे कुलूप कधीच तुटणार नाही असं पब्लिशरही धरून चालत नाहीत. ते सुरुवातीला टिकावं, एवढ्यासाठी पैसे मोजतात. आणि हा हिशोब अगदीच वेडगळ नाही. विल्यम वोल्कमन या संशोधकाने २०२४ मध्ये डेनुवो लावलेल्या पीसी गेम्सच्या कमाईचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुलूप पहिल्याच आठवड्यात तुटलं तर एकूण कमाई सरासरी २० टक्क्यांनी घटते, आणि १२ आठवड्यांनंतर तुटलं तर जवळपास काहीच फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष.

आता हे जीओजीच्या नियमाशेजारी ठेवून बघ. सीडी प्रोजेक्ट या पोलंडच्या कंपनीने २००८ मध्ये हे दुकान काढलं ते एका अटीवर: इथला एकट्याने खेळायचा गेम बिनकुलपाचाच विकला जाईल. तुला ते दुकान आवडतं तेही याचमुळे. म्हणजे ज्या पब्लिशरने स्टीमवर डेनुवो लावलंय त्याने त्याच दिवशी जीओजीवर गेम दिला, तर पुढच्या दाराला महागडं कुलूप आणि मागचं दार सताड उघडं असा प्रकार होईल. त्याच्याच हिशोबाने ते अशक्य आहे. म्हणून डेनुवो असेपर्यंत जीओजीची वाट बघणं फुकट. पब्लिशरच्या ट्वीटवर आणि "लवकरच" या शब्दावर जाऊ नकोस. स्टीमच्या पानावर उजव्या बाजूला तिसऱ्या कंपनीच्या डीआरएमची, म्हणजे अशा कुलपाची, जी पट्टी असते, तिच्यावर नजर ठेव. अशी नोंद पानावर देणं स्टीमने बंधनकारक केलेलं आहे. ती पट्टी गेली की वाट मोकळी झाली असं समज. गेम लगेच येईलच असं नाही, पण मोठी आडकाठी गेलेली असेल.

इथे तू मला अडवशील: मग विचर ३ कसा आला? तो १९ मे २०१५ला जीओजीवर पहिल्याच दिवशी होता. बाल्डर्स गेट ३ सुद्धा ३ ऑगस्ट २०२३ला स्टीम आणि जीओजीवर एकाच दिवशी आला, कुलपाशिवाय, आणि त्या वर्षीचे बहुतेक मोठे पुरस्कारही घेऊन गेला. बरोबर आहे. पण या दोन्ही गेमचे मालक बघ. विचर बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टचं तर ते स्वतःचंच दुकान होतं, आणि बाल्डर्स गेट ३ बनवणारा लॅरियन स्टुडिओ स्वतःचा गेम स्वतःच बाजारात आणतो. तिथे निर्णय घेणारा आणि गेम बनवणारा एकाच घरातला. दुसऱ्याचा पैसा लावून बसलेल्या मोठ्या पब्लिशरकडे कुणीतरी मॅनेजर असतो, त्याला वर उत्तर द्यावं लागतं. डेनुवो लावूनही गेम पडला तर त्याला कुणी बोल लावत नाही. न लावता पडला तर पहिला प्रश्न त्यालाच. मला विचारशील तर या उशिरामागे पायरसीपेक्षा ही भीती जास्त आहे.

भीती किती खरी, याची एक गंमत सांगतो. विचर २ हा गेम २०११ मध्ये आला तेव्हा डब्यातल्या प्रतीला सेक्युरॉमचं कुलूप होतं आणि जीओजीवरची प्रत पूर्ण मोकळी होती. सगळ्यात जास्त चोरीला गेली ती डब्यातली, क्रॅक केलेली प्रत, असं जीओजीच्या तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं होतं. मोकळी प्रत समोर असताना लोकांनी कुलूप फोडलेली उचलली! एका गेमवरून नियम बांधता येत नाही, आणि सांगणारे जीओजीचेच, हेही खरं. तरी मोकळी फाईल दिली की धंदा बसलाच, हे गृहीतक वाटतं तितकं पक्कं नाही.

कुलूप नसलं तरी उशीर होतोच, आणि त्याचं कारण तुला माझ्यापेक्षा लवकर समजेल. मागावर मोठ्या व्यापाऱ्याची ऑर्डर चढलेली आहे, माल वेळेत जायचाय, आणि मध्येच कुणी पन्नास डझन टॉवेल वेगळ्या बॉर्डरचे, वेगळ्या लेबलचे मागतो. सूत तेच, माग तेच, कामगारही तेच. तरी वडील माग थांबवणार नाहीत. म्हणतील, ही ऑर्डर उतरू दे, मग बघू. गेमचंही तसंच होतं. तुला वाटतं, फाईल तयार आहे, उचलून दुसऱ्या दुकानात ठेवायला असा कितीसा वेळ लागणार? पण आजचा गेम स्टीमच्या यंत्रणेत विणलेला असतो. सेव्ह फाईल क्लाउडवर चढवणं, अचिव्हमेंट, मित्राला खेळात बोलावणं, खेळाडू जुळवून देणं, वर्कशॉपमधले मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल), हे सगळं स्टीम तयार देतं आणि बनवणारे ते वापरतात. जीओजीसाठी यातला प्रत्येक धागा सोडवून गॅलक्सी या जीओजीच्या ॲपला जोडायचा किंवा तोडून टाकायचा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. २०१८ मध्ये नो मॅन्स स्काय या गेमला नेक्स्ट नावाचं मोठं अपडेट आलं आणि त्यात खरं मल्टिप्लेअर आलं. स्टीमवाले त्याच दिवशी एकत्र उडायला लागले. जीओजीवाल्यांना अपडेट मिळालं, मल्टिप्लेअर मात्र नंतर.

आणि हे काम एकदाच करून सुटका नाही. मोठ्या गेमच्या पहिल्या महिन्यात पॅच, म्हणजे दुरुस्तीच्या फायली, एकामागून एक येत असतात. दुकान वाढलं की प्रत्येक पॅचचं पॅकिंग वाढतं, तपासणी वाढते, तक्रारींची खिडकी वाढते. टीम दमलेली असते, पुढच्या डीएलसीचं काम सुरू झालेलं असतं, आणि नव्या दुकानातून येणारी विक्री स्टीमच्या मानाने थोडी. मग "सगळं पूर्ण झाल्यावर एकदाच देऊ" हा विचार कुणालाही सुचेल.

यात तुझा फायदाही आहे. होरायझन झीरो डॉन पीसीवर ७ ऑगस्ट २०२०ला स्टीम आणि एपिक या दुकानांत आला तेव्हा त्याची अवस्था नाजूक होती. गेम बंद पडणं, अडखळणं, सगळं झालं. पुढचे काही महिने दुरुस्त्या येत राहिल्या. जीओजीवर तो २४ नोव्हेंबरला आला. स्टीमवाल्यांनी साडेतीन महिने पैसे देऊन तपासणीचं काम केलं आणि जीओजीवाल्याला बराचसा बरा झालेला गेम मिळाला. असा उशीर मला अजिबात खटकत नाही.

खटकतो तो दुसरा प्रकार, आणि त्याबद्दल लोक फार कमी बोलतात. गेम जीओजीवर येतो, आपण आनंदाने घेतो, आणि मग पॅच मागे पडायला लागतात. स्टीमवर नवं व्हर्जन, जीओजीवर दोन-तीन पायऱ्या जुनं, एखादं डीएलसी आलेलंच नाही. गेम उशिरा देणं हा धंद्याचा निर्णय झाला. पैसे घेऊन अपडेट न देणं ही सरळ बेपर्वाई आहे. म्हणून गेम कधी येणार यापेक्षा तो पब्लिशर आल्यानंतर कसा वागतो ते आधी बघ. त्याचे जुने गेम जीओजीवर असतील तर त्यांचा व्हर्जन नंबर आणि स्टीमवरचा व्हर्जन नंबर ताडून बघ. दहा मिनिटांचं काम आहे.

आता पैशाच्या वाटणीकडे येऊ. स्टीम आपला वाटा ३० टक्के घेतं, पण २०१८च्या ऑक्टोबरपासून नियम असा की एखाद्या गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या विक्रीवर २५ टक्के, आणि ५ कोटींच्या वर गेली की २० टक्के. ही बेरीज फक्त स्टीमवरच्या विक्रीची. जीओजीवर विकलेली प्रत तिच्यात धरली जात नाही. वर पहिल्या दिवसाची गर्दी, विशलिस्टवाल्यांना जाणारे मेल, भराभर जमणारे रिव्ह्यू, खपाच्या यादीतला क्रमांक, हे सगळं एकाच दुकानात साचलं तर गेम आणखी लोकांना दिसतो. तीच गर्दी तीन दुकानांत विभागली तर कुठेच उठून दिसत नाही. स्टीमने कुणाला "जीओजीवर देऊ नका" असं सांगायची गरजच उरत नाही.

कधीकधी उशीर रोख पैसे देऊन विकत घेतलेला असतो. एपिकने डिसेंबर २०१८ मध्ये १२ टक्के वाट्याचं दुकान उघडलं आणि मोठे गेम काही काळापुरते स्वतःकडे बांधून घेतले. मेट्रो एक्सोडस फेब्रुवारी २०१९ मध्ये एपिकवर आला, स्टीमवर वर्षाने. कंट्रोल या गेमसाठी एपिकने सुमारे ९५ लाख युरो दिल्याचं त्याच्या पब्लिशरच्या मूळ कंपनीच्या, डिजिटल ब्रॉसच्या, हिशोबातूनच बाहेर आलं. त्या काळात स्टीमवाले किती चिडले होते! आज तू लिहिलंयस तेच शब्द, फक्त लिहिणारे सगळ्यात मोठ्या दुकानाचे गिऱ्हाईक. तेव्हा लहान दुकान म्हणून आपल्यालाच मागे ठेवतात असं धरू नकोस. ज्याच्याशी करार नाही तो मागे राहतो.

काही गेम मात्र येऊच नयेत. हिटमॅन हा २०१६चा गेम सप्टेंबर २०२१ मध्ये जीओजीवर आला. पण त्याची रचनाच अशी की सर्व्हरशी जोडल्याशिवाय नवी हत्यारं, नव्या सुरुवातीच्या जागा खुल्या होत नाहीत. बिनकुलपाच्या दुकानात नेट मागणारा गेम. गिऱ्हाइकांनी रिव्ह्यूमध्ये असं काही झोडपलं की पंधरवड्याच्या आसपास जीओजीने तो विक्रीतून काढला. घाईने आणलेल्या गेमपेक्षा न आणलेला बरा, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणार नाही.

जुन्या गेमची कथा वेगळी, तिथे हक्कांचे कागद असतात. स्कायरिम स्पेशल एडिशन २०१६चा, जीओजीवर २०२२ला पोचला. १९९६चा डायब्लो २०१९ला. आणि कधी रांग उलटीही लागते: अल्फा प्रोटोकॉल हा गेम संगीताचे हक्क संपल्यामुळे २०१९ मध्ये विक्रीतून गेला होता, तो मार्च २०२४ मध्ये परत आला तो जीओजीवर.

तर तुझ्या गेमचं काय करायचं? आठ महिने झालेत, म्हणजे पहिल्या आठवड्यांची कमाई होऊन गेली. डेनुवो अजून आहे आणि एक डीएलसी बाकी आहे. माझा अंदाज असा की दुसरं डीएलसी येईपर्यंत कुणी काही हलवणार नाही, कारण डीएलसी आलं की विक्रीला पुन्हा थोडी उकळी येते आणि तेवढ्यासाठी कुलूप ठेवलं जातं. त्यानंतर सगळं एकत्र बांधलेली आवृत्ती निघेल. तीच वेळ जीओजीची, यायचा असेल तर. हा अंदाज आहे, शब्द नाही. म्हणून थांब, पण मुदत घालून थांब: दुसरं डीएलसी आल्यावर चार-पाच महिने. तोवर डेनुवोची पट्टी गेली आणि जीओजीवर काहीच हालचाल नसेल, तर स्टीमच्या सेलमध्ये घेऊन मोकळा हो. हिवाळी सेल डिसेंबरच्या उत्तरार्धात लागतो आणि गड्डा भरायच्या आत संपतो, तेव्हा यात्रेच्या खर्चाशी त्याची टक्कर होणार नाही. आज पूर्ण किमतीला मात्र घेऊ नकोस. आठ महिने थांबलेल्या माणसाने पूर्ण किंमत देणं म्हणजे थांबण्याचा सगळा फायदा सोडून देणं.

दोनदा घेऊ नकोस. "आत्ता स्टीमवर खेळतो, नंतर जीओजीवर जपून ठेवायला घेतो" असं करणारे मी पाहिलेत. पैसा असेल तर हौस म्हणून ठीक. पण पब्लिशरला यातून एकच कळतं, की उशीर केला तर काही लोक दोनदा पैसे देतात.

स्टीमवर घ्यायची वेळ आली तर एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: स्टीमवरचे सगळे गेम कुलपातले नसतात. कितीतरी गेमचं फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं तर ते स्टीम न उघडता चालतात. कुठला गेम कुठल्या दुकानात कशा अवस्थेत मिळतो, याची नोंद पीसीगेमिंगविकीवर गेमवार दिलेली असते. घेण्याआधी तिथे नाव टाकून बघत जा. डेनुवो निघाल्यावर तुझा गेमही त्यात बसला, तर तुझी निम्मी अडचण स्टीमवरच सुटेल.

किमतीचंही बघ. स्टीमवर २०१५ पासून रुपयात भाव लागतो, यूपीआय चालतं आणि काही पब्लिशर आपल्यासाठी किंमत उतरवूनही ठेवतात. जीओजीवर आपल्याला डॉलर दिसतो. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असावे लागतात, हल्लीच्या कार्डांवर ते आधी बंदच असतात, बँकेच्या ॲपमधून चालू करायचे. वर बँक आपला चार्ज लावते. पूर्वी जीओजी वेगवेगळ्या देशांतल्या किमतीतला फरक आपल्या पाकिटात परत करायचं, ती सोय मार्च २०१९ मध्ये बंद झाली. म्हणजे सोलापुरात बसून जीओजीचा हट्ट धरायचा तर कधीकधी त्याचे जादा पैसे मोजावे लागतात. हार्ड डिस्कवर कायमचा राहणारा इन्स्टॉलर तेवढ्याच्या लायक आहे असं मला वाटतं, पण गणित तू कर, पैसे तुझे आहेत. परतीची सोय मात्र जीओजीवर मोठी: ३० दिवस, गेम डाउनलोड करून खेळला असला तरी. स्टीमवर १४ दिवस आणि दोन तासांच्या आत खेळलेला.

चौघांनी खेळायचा गेम स्टीमवरच घे, यात विचार करण्यासारखं काही नाही. मित्र स्टीमवर आहेत. जीओजीची आणि स्टीमची प्रत एकमेकांना दिसेलच याची खात्री नसते, आणि असल्या गेममध्ये इन्स्टॉलर जपून ठेवण्याला तसाही फारसा अर्थ नाही.

आता मित्राच्या क्रॅकबद्दल. पायरसीवर प्रवचन देत नाही, ते तू ऐकलेलं असणार. मला तुझ्या पत्रातली एक ओळ खटकली: गेम ऑफिसच्या पीसीवर आहेत. त्याच पीसीवर कारखान्याचं टॅली असेल, जीएसटीचं लॉगिन असेल, बँकेचं नेट बँकिंग असेल, व्यापाऱ्यांची उधारी असेल. क्रॅक टाकताना पहिली पायरी काय असते? अँटिव्हायरस बंद करा. कुणी कुठे बांधलेली फाईल, ॲडमिनचा हक्क देऊन, वडिलांच्या हिशोबाच्या मशीनवर चालवायची, एका गेमसाठी! मित्र दोन तासांत खेळायला लावेल हे खरं. पण उद्या फाईली लॉक झाल्या आणि डॉलरमध्ये खंडणीची चिठ्ठी आली, तर निस्तरायला तो येणार नाही. शिवाय "मिळाला" म्हणून फिरणाऱ्या फायलींत भलतंच काही असण्याची शक्यता असतेच. त्याला नाही म्हण, आणि जमलं तर गेमसाठी वेगळी मशीन कर.

पब्लिशरला पुन्हा मेल करायचा असेल तर "कधी येणार" असं विचारू नकोस, त्याला ठरलेलं उत्तर आहे. "जीओजीवर आल्यास मी पूर्ण आवृत्ती घेईन, स्टीमवर घेतलेला नाही" एवढं दोन ओळींत लिही. जीओजीने २०२५च्या सुरुवातीला ड्रीमलिस्ट नावाची यादी नव्याने सुरू केली आहे, तिथे गेमला मत दे आणि खाली का हवा ते लिही. पब्लिशरच्या दारात जाताना जीओजीवाल्यांच्या हातात दाखवायला तेवढाच कागद असतो. एका मताने काय होणार, असं वाटेल. फार काही होत नाही. पण एक मिनिट लागतं.

शेवटचा प्रश्न सोपा आहे. हो, जीओजीचा गेम तुझ्या दोन्ही मशीनवर चालेल, स्वतःच्या वापरासाठी कितीही मशीनवर टाक, कुठे ॲक्टिव्हेशन नाही. फक्त गॅलक्सीतून इन्स्टॉल केलं म्हणजे प्रत जपली गेली असं समजू नकोस. वेबसाइटवर आपल्या लायब्ररीत जाऊन ऑफलाइन इन्स्टॉलर वेगळा उतरवावा लागतो. मोठ्या गेमचे ४-४ जीबीचे तुकडे येतात, सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेव, एकही राहिला तर इन्स्टॉल होत नाही. ते बाहेरच्या डिस्कवर घे, ऑफिसच्या मशीनवर नको. आणि पॅच आला की नवा इन्स्टॉलर पुन्हा उतरव, डिस्कवरचा आपोआप बदलत नाही.